स्पोर्ट्स कारची सीट अंगाला होत नाही? फोम भरण्याआधी हे वाचा

लक्षण असं: गाडीत बसल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच जाणवत नाही. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास उजव्या मांडीला बाहेरच्या बाजूने मुंग्या यायला लागतात. तासाभरात तो भाग बधिर होतो आणि उतरताना कंबर धरलेली असते. दहा पावलं चाललं की सगळं मोकळं. परत बसलं की परत तेच.

माझी उंची १८८ सेंटीमीटर, वजन ११२ किलो. गाडी दोन आसनांची, जमिनीलगत बसायची, दोन्ही बाजूंना जाड बोल्स्टर, म्हणजे अंग धरून ठेवणारे फोमचे उंच कठडे, असलेल्या सीटची. सव्वा वर्ष या दुखण्याच्या मागे होतो. जेलची गादी झाली, कमरेची उशी झाली, मण्यांचं कव्हर झालं. प्रत्येक उपायाने आठवडाभर बरं वाटायचं आणि मग दुखणं परत यायचं, तेही कधीकधी जागा बदलून. ही गाडी मला मनापासून आवडते आणि केवळ सीटपायी ती विकायची वेळ आली होती, म्हणून जे उमगलं ते सविस्तर लिहितो आहे. धिप्पाड माणसाच्या सीटमध्ये बहुतेक वेळा भर घालायची नसते, काढायची असते. आणि काढण्याआधी दाब नेमका कुठे पडतो ते शोधायचं असतं.

दुखणं परत का येतं

पहिलं कारण, आपण चाचणी फार लवकर संपवतो. फोम दाबाखाली हळूहळू बसत जातो. पाच मिनिटांनी तुम्ही ज्या आकारावर बसलेले असता तो चाळीस मिनिटांनी राहिलेला नसतो. तोवर तुम्ही सेंटीमीटरभर खाली गेलेले असता आणि हाडाला आतली तार किंवा बोल्स्टरची टणक कड भेटलेली असते. म्हणून नियम एकच: दुखणं जितक्या वेळाने सुरू होतं, त्याच्या दीडपट वेळ बसल्याशिवाय कोणत्याही बदलाबद्दल मत बनवायचं नाही. आणि एका वेळी एकच बदल.

दुसरं कारण म्हणजे खाली घातलेली गादी. बोल्स्टर वर जाताना बाहेर फाकलेले असतात, त्यामुळे तीन सेंटीमीटर वर बसलात की नितंबांना जागा मिळते आणि बरं वाटतं. पण त्याच तीन सेंटीमीटरने छाती आणि खांदेही वर गेलेले असतात. पाठीचे बोल्स्टर जिथे बगलेखाली बसायला हवेत तिथे न बसता बरगड्यांना लागतात, डोकं छताला भिडतं, मांड्या स्टिअरिंगला घासतात. आठवड्याभरात गादी चेपली की नितंब पुन्हा मूळ जागी. दुखणं जागा बदलतं ते असं.

सीट खोलण्याआधी

मांडीच्या बाहेरच्या कातडीची संवेदना नेणारी एक शीर कमरेच्या पुढच्या हाडाजवळून मांडीत उतरते. तिथे घट्ट पट्ट्याचा, जाड शिवणीच्या जीन्सचा किंवा पोटाचा दाब आला की बाहेरची मांडी बधिर होते, चुरचुरते. वैद्यकात याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. खोल सीटमध्ये गुडघे वर आणि कंबर खाली, म्हणजे जांघेत अंग दुमडलेलं. दाब आणखी वाढतो. तेव्हा आधी पट्टा एक भोक सैल करा, मागच्या खिशातलं पाकीट आणि पुढच्या खिशातला फोन काढा, आणि सीटची पाठ दोन खाचा मागे कलती करा. काहींचं काम इथेच संपतं. माझं अर्धं झालं: मुंग्या चाळिसाऐवजी पासष्टाव्या मिनिटाला यायला लागल्या.

मग बसण्याची जागा. नितंब सीटच्या पाठीला पूर्ण टेकवून बसा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जातील एवढी फट हवी. डोक्याच्या आधाराची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीत. आणि स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत किमान २५ सेंटीमीटर अंतर, कारण एअरबॅगला उघडायला जागा लागते. पोट मोठं असेल तर स्टिअरिंगची खालची कडही पाहा. स्टिअरिंग वर-खाली, पुढे-मागे होत असेल तर आधी तेच हलवा. बरेच जण वर्षानुवर्षं त्या खटक्याला हातही लावत नाहीत.

सीटबेल्टचा कमरेवरचा पट्टाही याच वेळी तपासा. तो पोटावरून नाही, पोटाखाली दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. रुंद माणूस बोल्स्टरमध्ये रुतला की बक्कल खाली गाडलं जातं आणि पट्टा वर सरकतो. हा नुसता आरामाचा प्रश्न नाही, अपघातात यातून पोटाला इजा होऊ शकते.

दाबाची जागा शोधणं

माझा सगळ्यात उपयोगी तास यात गेला आणि खर्च शून्य. गडद रंगाची साधी पँट घाला. पांढरा खडू घेऊन बसण्याच्या दोन्ही बोल्स्टरची आतली बाजू आणि वरची कड रंगवून घ्या. नेहमीसारखे बसा, चाळीस-पन्नास मिनिटं गाडी चालवा, आणि न घसटता, सरळ उभं राहत उतरा. पँटवर कुठे नुसती फिकट पूड लागली आहे आणि कुठे खडू कापडात रगडला गेला आहे, ते उजेडात पाहा.

माझ्या डाव्या मांडीवर फक्त फिकट पट्टा होता. उजवीकडे मात्र खिशाच्या शिवणीच्या खाली, मांडीच्या हाडाचं टोक बाहेर येतं त्याच्या जरा पुढे, सुपारीएवढा पांढरा शिक्का उमटला होता. कापडाची वीण त्यात भरून गेली होती. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तीच जागा. उजवा पाय सतत अ‍ॅक्सिलरेटरवर, एकाच कोनात; गुडघा विसावायला बाहेर कलतो आणि सगळा भार त्या एका ठिपक्यावर. सव्वा वर्ष मी बुडाखाली गाद्या घालत होतो आणि दुखणं बाजूला होतं.

बुडाखालचा दाब पाहायला खडू चालत नाही. त्यासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक बाकावर ठेवून त्यावर पुढे वाकून बसा. बसण्याच्या दोन हाडांचे खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि तेवढ्या अंतरावर सीटवर टेपच्या दोन खुणा करा. खुणा बसण्याच्या सपाट भागातच आल्या तर सीट रुंदीला पुरेशी आहे. त्या बोल्स्टरच्या चढावर जात असतील तर तुम्ही सीटमध्ये बसतच नाही आहात, दोन उतारांवर अडकून लोंबता आहात.

याच सुमारास मी कुशनचं काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराला सीट दाखवली. मी पंज्याने दाबून दाखवत होतो. ते म्हणाले, “साहेब, पंजा पसरट असतो, त्याने सीट कळत नाही. गुडघा टेकवा.” मी गुडघा टेकवून भार दिला. मध्यभागी तो खोल गेला आणि खाली थडकन थांबला. बोल्स्टरवर मात्र जेमतेम रुतला. “बघा, मधला थकलाय आणि बाजूचा जसाच्या तसा आहे. आणि तुम्ही वरून अजून घालताय.” या दोन वाक्यांनी मला पुढची दिशा दिली. काका, आभारी आहे.

फोम काढताना

आधी सुरक्षितता, आणि हे कृपया वगळू नका. आजच्या बहुतेक गाड्यांत सीटच्या पाठीच्या दाराकडच्या बाजूत एअरबॅग असते आणि बक्कलमध्ये किंवा पट्ट्याच्या रिळात, अपघातात पट्टा क्षणात आवळणारं स्फोटक ताणयंत्र. बॅटरीची ऋण तार काढा, किमान दहा मिनिटं थांबा, मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. मगच सीटखालचे जोड सोडवा. एअरबॅगचे जोड सहसा पिवळे असतात. त्या तारांना मल्टिमीटर लावू नका. सीट बाहेर असताना इग्निशन सुरू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो स्कॅनरनेच घालवावा लागतो. पाठीच्या एअरबॅगच्या बाजूचा फोम, खोळ आणि शिवण यांना हात लावू नका. ती शिवण ठरावीक जोराने फाटावी अशीच घातलेली असते. शेजारच्या सीटच्या बुडात बसणाऱ्याचं वजन ओळखणारा सेन्सर असू शकतो, म्हणून तिचा फोम कापायचा विचार सोडून द्या. हे सगळं ड्रायव्हरच्या बुडाच्या गादीपुरतंच आहे.

खोळ कडेला इंग्रजी J अक्षराच्या आकाराच्या प्लास्टिकच्या पट्टीने सांगाड्याला अडकवलेली असते आणि मध्ये हॉग रिंगांनी, म्हणजे दाबून बंद केलेल्या तारेच्या कड्यांनी, आतल्या तारेला. रिंगा पकडीने तोडा आणि जोडताना नव्या घाला. सीट गरम करणारी जाळी असेल तर ती अलगद बाजूला करा. तिला घडी पडली की तिथेच ती जळते. उलगडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. मी काढले नव्हते आणि पुढची तार कोणत्या खोबणीतून जाते हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

आता खडूचा शिक्का. खोळ काढण्याआधी त्या जागी टाचणी खुपसून फोमवर खूण घ्या आणि भोवती मार्करने तळहाताएवढा लांबट आकार काढा. खड्डा कोरायचा नाही. बोल्स्टरच्या आतल्या उताराचा चढ कमी करायचा. लांब पातळ पात्याची सुरी किंवा भाजायचं मांस कापायची विजेवरची सुरी घ्या आणि पाच-पाच मिलिमीटरचे काप काढा. प्रत्येक कापानंतर खोळ नुसती पसरून, सीट जमिनीवर ठेवून बसून बघा. शेवटी ६० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासून विरघळवा, कारण कापाची धारही टोचते. आत बोल्स्टरची तार असते. तिच्यावर किमान २० मिलिमीटर फोम राहिलाच पाहिजे. तार वाकवू नका, कापू नका.

माझ्या सीटवर सगळ्यात खोल जागी १८ मिलिमीटर निघाले, डावीकडे समतोल राखायला ८. एवढंच. काढलेले काप टाकू नका. त्यांवर क्रमांक घालून, कोणती बाजू वर ते लिहून पिशवीत ठेवा. जास्त निघालं तर फवाऱ्याच्या गोंदाने तोच तुकडा परत बसतो, नवा फोम तसा कधीच बसत नाही.

फोम कमी झाला की खोळ सैल पडते आणि चुणी स्वतःच दाबाची जागा बनते. थोडी सैल असेल तर खाली पाच मिलिमीटरचा पातळ वॅडिंगचा (कापसासारख्या भरावाचा) थर पुरतो. जास्त असेल तर खोळीची शिवण आत घ्यावी लागते आणि ते काम कारागिराचंच.

मग माकडहाड दुखायला लागलं

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मांडी बरी झाली, मुंग्या गेल्या आणि चौथ्या दिवशी माकडहाड ठणकायला लागलं. कारण सरळ आहे: जो भार इतके दिवस बोल्स्टर पेलत होते तो आता मधल्या, आधीच थकलेल्या फोमवर आला. तो तळाला टेकतो का हे पाहायला कोणाला तरी सीटखालून हात घालायला सांगा आणि तुम्ही सावकाश बसा. स्प्रिंगा किंवा जाळी एकदम ताणून खालच्या पत्र्याजवळ येत असेल तर फोम संपला आहे.

इथे मात्र भर घालायची, पण उंची न वाढवता. मेलेला मधला भाग काढून तेवढ्याच जाडीचा नवा बसवायचा. फोम घेताना घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा. घनता सांगते तो किती टिकेल, कडकपणा सांगतो तो किती रुतेल. घनमीटरला ५० किलोच्या खालचा फोम जड माणसाखाली लवकर बसतो. मी खाली कडक आणि वर २० मिलिमीटर मऊ असे दोन थर घातले. नुसता मेमरी फोम घालू नका. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि हाड थेट तळाला जातं. फोम वाहनासाठीच बनलेला, आग लवकर न धरणारा हवा. वाहनांच्या आतल्या साहित्यासाठी अमेरिकेचा एफएमव्हीएसएस ३०२ हा नियम आहे, त्यात ज्वाळा मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये अशी मर्यादा आहे. उशीतला फोम कापून घालणारे हे विसरतात.

त्यानंतर सीटचा कोन. लांब मांड्यांच्या माणसाची मांडी सीटच्या पुढच्या भागावर टेकतच नाही आणि सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो. सीट ज्यावर सरकते त्या रेलच्या पुढच्या बोल्टांखाली पोलादी स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, घालून पुढची बाजू उचलता येते. मी उत्साहाने १० मिलिमीटर घातले. माकडहाड शांत झालं आणि अर्ध्या तासात मांडी पुन्हा बधिर! पुढची बाजू वर गेली की जांघेतला कोन आणखी बंद होतो, आणि वर सांगितलेली शीर तिथेच आहे. शेवटी ५ मिलिमीटर आणि पाठ आणखी एक खाच मागे, यावर जमलं. तुमचा आकडा वेगळा असेल, पण हे दोन दुखणी एकमेकांच्या विरुद्ध ओढतात एवढं ध्यानात ठेवून थोडं थोडं सरकवा.

स्पेसर भरीव पोलादाचे, रुंद बैठकीचे हवेत. वॉशरांची चळत नको. बोल्ट मूळच्याच ताकदीच्या श्रेणीचा, स्पेसरएवढा लांब, आणि आट्यांमध्ये त्याच्या व्यासाइतका तरी खोल जाणारा. आवळणी मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने. बसवून झाल्यावर सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून पाहा. ती जड सरकत असेल किंवा दोनपैकी एकाच रेलचं कुलूप खटकन बसत असेल, तर रेलला पीळ पडला आहे. तशी गाडी चालवू नका. ५-७ मिलिमीटरच्या वर जायचं असेल तर तिरका कंस बनवून घेणं योग्य.

सीटचा प्रकार पाहून

प्रत्येक सीटमध्ये कापायला फोम असतोच असं नाही. माझदा एमएक्स-५ च्या १९८९ च्या पहिल्या पिढीत स्टिअरिंग वर-खाली करता येत नाही आणि छत बुटकं, म्हणून उंच मालक बुडाचा फोम काढून डोक्याला जागा करत आले आहेत, आणि तिथे तो उपाय चांगला लागू पडतो. त्याच गाडीच्या २०१५ च्या चौथ्या पिढीत बुडाला स्प्रिंगांऐवजी जाळी ताणलेली आहे, म्हणून तिथे सुरी चालवण्याआधी वर फोम किती आहे ते पाहा. लोटस एलिसच्या सीटवर मुळात पातळ थर. तिथे रुंदी सांगाड्यानेच ठरते. पोर्शच्या १८ दिशांनी हलणाऱ्या सीटला बोल्स्टर बटणाने आत-बाहेर होतात, तेव्हा ती खोलण्याआधी सगळी बटणं दाबून पाहा.

दुसरी, अखंड कवचाची सीट घालायची असेल तर नितंबांची रुंदी बसून मोजा: कडक खुर्चीवर बसून दोन्ही बाजूंना जाड पुस्तकं उभी टेकवा आणि मधलं अंतर घ्या. उभ्याने घेतलेलं माप कमी भरतं. रेकारो, स्पार्को अशा कंपन्या कवचाच्या मापांचे आराखडे देतात. त्यात खांद्याजवळची आतली रुंदीही बघा. कवच कधीही कापायचं नाही. कारखान्याची सीट काढली की तिच्यातली एअरबॅगही जाते, हे समजून निर्णय घ्या. शर्यतीच्या ट्रॅकवर जाणार असाल तर एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत तयार झाल्यापासून ५ वर्षं आणि ८८६२-२००९ ची १० वर्षं असते. वापरलेली घेताना लेबल वाचा.

आणि एक गोष्ट सीटच्या बाहेरची. उतरून तासभर झाला तरी बधिरपणा जात नसेल, पाऊल उचलताना जोर कमी वाटत असेल, किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल, तर सुरी ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

माझी शेवटची खडूची चाचणी तीन तासांच्या सलग प्रवासानंतरची. उजव्या मांडीवर हातभर लांब फिकट पट्टा, शिक्का कुठेच नाही. जाड जॅकेट घातलं की पाठीचा डावा, आतल्या बाजूचा बोल्स्टर मात्र अजून बरगडीला लागतो. माझ्या गाडीत त्या बाजूला एअरबॅग नाही, मॅन्युअलमध्ये दोनदा पाहून खात्री करून घेतली आहे. पुढच्या सुट्टीत खडू तिथे लावणार.